सोनं जागेवर थांबतं

प्रस्तावना

मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रावरचं पुस्तक कालगुर्लीत बसून लिहिलं असं सांगितलं, की ऐकणारा आधी नकाशा उघडतो. साहजिकच आहे. कालगुर्ली ऑस्ट्रेलियात, पर्थपासून सुमारे सहाशे किलोमीटर आत, लाल माती आणि निलगिरीच्या विरळ रानाच्या मुलखात आहे. जवळात जवळचा समुद्र एस्परन्सचा, तोही दक्षिणेला चारशे किलोमीटरवर. प्यायचं पाणीसुद्धा १९०३ पासून पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून साडेपाचशे किलोमीटर नळाने येतं. इथला खडक सुमारे २७० कोटी वर्षांचा. इतक्या जुन्या, तापलेल्या, दाबल्या गेलेल्या खडकात तेल टिकत नाही. इथे आहे ते सोनं.

तरीही मुंबई हायकडे पाहायची नजर मला या गावाने दिली. ‘हे क्षेत्र आता म्हातारं झालं’ हे वाक्य या गावाबद्दल शंभर वर्षांत इतक्या वेळा बोललं गेलं आहे की इथल्या माणसांना त्याचं काही वाटेनासं झालं आहे. प्रत्येक वेळी ते बोलणाऱ्याकडे आकडे होते, अनुभव होता आणि बहुधा आधीच्या पिढीतल्या कोणीतरी काढलेला नकाशाही होता. आकडे बरोबर असायचे. नकाशा अपुरा असायचा.

थोडक्यात इतिहास सांगतो, कारण पुढच्या प्रकरणांत त्याची गरज पडणार आहे. जून १८९३ मध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तीन आयरिश माणसांना माउंट शार्लटच्या पायथ्याशी जमिनीवरच सोनं सापडलं. मग झुंबड उडाली. खरं घबाड मात्र तिथे नव्हतं. ते काही किलोमीटर दक्षिणेला, ज्याला पुढे ‘गोल्डन माइल’ म्हणू लागले त्या पट्ट्यात होतं, आणि ते पाहताक्षणी ओळखू येत नव्हतं. इथल्या सोन्याचा बराच भाग टेल्युरियमशी संयोग पावलेला आहे. कॅलॅव्हराइटसारखी ही खनिजं फिकट, रुपेरी-पिवळी दिसतात; सोन्यासाठी आसुसलेल्या माणसाला ती फालतू वाटावीत अशी. १८९६ मध्ये त्यांची ओळख पटली. तोवर फेकून दिलेला दगड रस्त्यांच्या भरावात आणि भिंतींत गेला होता, आणि मग लोकांनी रस्तेच उकरले, असं इथला प्रत्येक गाइड रंगवून सांगतो. तिखटमीठ वजा करूनही एक गोष्ट शिल्लक उरते. दगड तोच होता, जागा तीच होती. तीन वर्षं तो पायाखाली होता आणि कुणाला दिसला नाही.

नंतर समजदार लोक आले. लार्कोम यांनी १९१३ च्या सुमाराला इथल्या भूविज्ञानावर ग्रंथ लिहिला. फ्रँक स्टिलवेल यांनी १९२९ मध्ये बोल्डर पट्ट्याचा जो अहवाल प्रसिद्ध केला तो आजही उघडावा लागतो, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी जे पाहिलं ते नीट पाहिलं. आणि १९३७ मध्ये गुस्ताफसन आणि मिलर यांचा निबंध आला. ‘कालगुर्लीच्या भूविज्ञानाचा नव्याने लावलेला अर्थ’ एवढंच त्याचं शीर्षक सांगतं. मला ते आवडतं. ‘शोध’ नाही, ‘क्रांती’ नाही. चाळीस वर्षं उपसलेल्या, पोखरलेल्या, नकाशांत बांधलेल्या गावाचं भूविज्ञान त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मांडलं: कुठला थर कुठल्या थराच्या वर, घडी कुठे पडली, भेग कशाला कापून गेली. १९७१ मध्ये ट्रॅव्हिस, वुडॉल आणि बार्ट्रम यांनी तेच काम आणखी पुढे नेलं. ‘गोल्डन माइल डोलेराइट’ नावाचा जो एकच हिरवट काळा खडक वाटत होता, त्याचे दहा उपथर वेगळे काढून दाखवले.

हे दहा उपथर म्हणजे नुसती शैक्षणिक हौस नव्हती. आठव्या उपथरात लोहाचं प्रमाण जास्त. खोलातून वर येणाऱ्या गरम पाण्यात सोनं गंधकाचा हात धरून विरघळलेलं असतं. ते पाणी लोहयुक्त खडकात शिरलं की लोह गंधकाला ओढून घेतं, त्यातून पायराइट तयार होतं, आणि आधार सुटलेलं सोनं तिथेच खाली बसतं. म्हणजे भेग कुठे आहे हे कळून भागत नाही. ती भेग कुठल्या उपथरातून जाते हे कळावं लागतं. माउंट शार्लटचा एखादा कोअर, म्हणजे खोलातून छेद घेऊन काढलेली दगडाची कांडी, ट्रेमध्ये पाहावा. करड्या-हिरव्या दगडात पांढऱ्या क्वार्ट्‌झची शीर जाते. नवख्याची नजर त्या शिरेवर खिळते. पण शिरेच्या दोन्ही कडांना दगडाचा रंग उडालेला, फिकट पिवळसर पट्टा असतो, त्यात पायराइटचे चौकोनी दाणे चमकतात, आणि सोनं बरंचसं त्या फिकट पट्ट्यात असतं. शीर ही फक्त वाट होती.

गंमत अशी की हॅननला जिथे पहिलं सोनं मिळालं आणि जी जागा किरकोळ म्हणून मागे पडली, त्याच माउंट शार्लटने पुढे गाव तगवलं. १९३४ ते १९७१ सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलरवर बांधलेला होता, मजुरी आणि लाकूड मात्र महागत होतं. १९६६ मध्ये दक्षिणेला कंबाल्डाला निकेल सापडलं आणि भूवैज्ञानिकही तिकडे वळले. १९७०च्या दशकाच्या मध्याला गोल्डन माइलच्या थोर खाणी एकामागोमाग एक बंद पडल्या. शार्लट तेवढी चालू राहिली, कारण तिथली रचना कमी प्रतीच्या पण जाडजूड साठ्यासारखी आहे हे कोणीतरी आधी समजून घेतलं होतं. मग भाव सुटला, यंत्रं मोठी झाली. १९८०च्या दशकात अ‍ॅलन बाँड या उद्योजकाने पट्ट्यातल्या सगळ्या सुट्या खाणी एका मालकीखाली आणायचा घाट घातला. तो स्वतः बुडाला, पण कल्पना उरली, आणि १९८९ पासून एकच कंपनी तिथे ‘सुपर पिट’ खणू लागली. आज तो खड्डा साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि सहाशे मीटरहून खोल आहे. टनामागे दोन ग्रॅमच्या आसपास सोनं असलेला दगड, ज्याच्याकडे जुन्या खाणवाल्यांनी ढुंकून पाहिलं नसतं, तो इथे फायद्यात निघतो. पट्ट्यातून आजवर ५ कोटी औंसांहून जास्त सोनं निघालं आहे.

खड्ड्याच्या कडेला उभं राहिलं की भिंतीत काळी चौकोनी भोकं दिसतात. ते जुने बोगदे. जमिनीखाली असे बोगदे हजारो किलोमीटर आहेत. नवी पायरी खोदण्याआधी खाली पोकळी आहे का हे बारीक भोकं पाडून तपासावं लागतं, नाहीतर शंभर टनांहून जड ट्रक पोकळीत जायचा. जुन्या माणसांचे नकाशे इथे जिवावरचे नकाशे आहेत. कुठे किती उपसलं हे एखाद्या कारकुनाने १९१० मध्ये नीट लिहून ठेवलं असेल, तर शंभर वर्षांनी कुणाचा तरी जीव वाचतो.

हा सगळा पसारा मनात ठेवून आता मुंबईकडे येऊ.

मुंबई हाय हे नाव मराठी माणसाला नवं नाही. सत्तरच्या दशकात ते शाळेच्या पुस्तकापासून निवडणुकीच्या भाषणापर्यंत सगळीकडे होतं. १९६०च्या दशकात ‘अकादमिक अर्खांगेल्स्की’ या सोव्हिएत जहाजाने खंबातच्या आखातापासून खाली सर्वेक्षण करताना समुद्रतळाखाली एक मोठा उंचवटा पाहिला. १९७३च्या अखेरीस तेलाचे भाव चौपट झाले. फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानहून बांधून आणलेल्या ‘सागर सम्राट’ या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर तेल काढून दाखवलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. शोधापासून उत्पादनापर्यंत सव्वादोन वर्षं! आजच्या फायलींच्या वेगाने पाहता हे खरं वाटत नाही. तेव्हाची निकडच तशी होती, परकीय चलनाची चणचण होती, आणि ओएनजीसी या सरकारी तेलसंस्थेच्या त्या पिढीने केलेलं काम कुठल्याही देशाच्या तोडीचं होतं. हे आधी स्वच्छ म्हटलं पाहिजे, कारण पुढे टीका येणार आहे.

तेल ज्या खडकात आहे तो मुख्यतः चुनखडक. तेलवाले त्याला ‘एल-३’ म्हणतात. वय सुमारे दोन कोटी वर्षं, खोली समुद्रसपाटीखाली सव्वा ते दीड किलोमीटर. उथळ, कोमट, स्वच्छ समुद्र होता. त्यात सूक्ष्म कवचधारी जीव मरून साचत गेले. अधूनमधून जमिनीकडून चिखल वाहत येई आणि चुनखडीवर मातीचा पातळ थर बसे. मग पुन्हा चुनखडी, पुन्हा माती. एल-३ हा एक सलग दगड नाही. चिरोट्यासारखे पदरावर पदर आहेत, आणि पदरागणिक तेल वाहू देण्याची क्षमता वेगळी. त्यातही समुद्र मागे हटला की वरचा थर काही काळ उघडा पडायचा, पावसाचं पाणी त्यात मुरायचं आणि शंखशिंपल्यांची कवचं विरघळून त्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहायच्या. कोअरचा तुकडा भिंगाखाली धरला की हे उघड दिसतं. बदामी दगडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं, कडांना तेलाचा तपकिरी डाग. त्याच तुकड्यात दोन बोटं खाली दगड पांढराशुभ्र, घट्ट, कोरडा. ही दोन बोटं पुस्तकभर लक्षात ठेवायची.

पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्राखालच्या थरसमूहांना भूवैज्ञानिकांनी किनाऱ्यावरची नावं दिली आहेत: देवगड, वसई, अलिबाग, रत्नागिरी, वांद्रे, माहीम, चिंचणी. एसटीच्या वेळापत्रकासारखी ही यादी वाचून पहिल्यांदा हसू येतं. या सगळ्यांच्या खाली बहुतेक ठिकाणी तोच काळा बेसॉल्ट आहे ज्यावर मुंबई-पुणे उभी आहेत, आणि त्याखाली कालगुर्लीच्या जातीचा फार जुना, कठीण, भेगाळलेला खडक.

१९८०च्या दशकात उत्पादन चढत गेलं. दशकाच्या अखेरीला ते दिवसाला पावणेपाच लाख पिंपांच्या आसपास पोचलं. देशाच्या स्वतःच्या तेलातला निम्म्याहून मोठा वाटा या एका क्षेत्राचा होता. नंतर घसरण आली, आणि ती नुसत्या वयाची नव्हती. तेल उपसलं की खडकातला दाब कमी होतो. दाब एका मर्यादेखाली गेला की तेलात विरघळलेला वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटतो. वायू हलका, तो विहिरीकडे आधी धावतो आणि तेल मागे राहतं, शिवाय वायू गेलेलं तेल आणखी दाट होतं. हे टाळायला बाजूने समुद्राचं पाणी खडकात भरून दाब टिकवतात. मुंबई हायमध्ये पाणी भरणं १९८४ पासून सुरू झालं, म्हणजे उपसा सुरू झाल्यावर आठ वर्षांनी. उपसा आणि भरणा यांचा मेळ बसला नाही. आणि भरलेलं पाणी सगळ्या पदरांत सारखं गेलं नाही. भोकांच्या पदरातून ते सुसाट निघालं आणि थेट उत्पादक विहिरीत पोचलं. घट्ट पदरातलं तेल होतं तिथेच राहिलं. विहिरीतून तेलाबरोबर पाणी येऊ लागलं, दरवर्षी जास्त.

यात दोष कुणाचा, यावर भारतात बरीच शाई खर्च झाली. उपसा वाढवायचा राजकीय दबाव होता असं म्हणणारे आहेत, तांत्रिक इशारे दुर्लक्षिले गेले म्हणणारेही आहेत. मला त्या वादात एक गोष्ट नेहमी खटकते. दोन्ही बाजू असं धरून चालतात की खडक कसा आहे हे तेव्हा माहीत होतं. ते पुरेसं माहीत नव्हतं. उत्पादन सुरू झालं तेव्हा पदरांचा जोड लावायला विहिरी थोड्या होत्या, आणि दोन विहिरींच्या मधलं अंतर किलोमीटरांत होतं. चिखलाचा पातळ पदर एका विहिरीत आहे आणि पुढच्या विहिरीत आहे, म्हणजे मधेही आहे, हे गृहीत धरावं लागतं. तो मधे तुटलेला असला तर पाणी वरखाली जाणार. तो सलग असला तर अडणार. एवढ्याशा गृहीतकावर लाखो टनांचा हिशेब उभा असतो.

२०००च्या सुमाराला मुंबई हाय उत्तर आणि दक्षिण या दोन्ही भागांचा पुनर्विकास हाती घेण्यात आला. नव्या त्रिमितीय भूकंपीय चित्रांवर पदर पुन्हा ओढले गेले, जुन्या विहिरींतून फाटे काढून आडव्या विहिरी घेतल्या गेल्या, ज्या एकाच पदरातून लांबवर सरकतात. घसरण थोपली, काही काळ उत्पादन सावरलंही. याच काळात, २६ जुलै २००५ च्या पावसाच्या दुसऱ्याच दिवशी, उत्तर भागातल्या प्लॅटफॉर्मला जहाज धडकून आग लागली आणि २२ माणसं गेली. भूविज्ञानाच्या पुस्तकात ते कशाला, असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर असं: जुन्या क्षेत्राचं वय खडकापेक्षा लोखंडात आधी दिसतं. प्लॅटफॉर्म गंजतात, नळ पातळ होतात, नवी विहीर घ्यायला जागा उरत नाही. भूवैज्ञानिकाने ‘इथे तेल राहिलं आहे’ म्हणून बोट ठेवावं आणि तिथे पोचायला धड विहीरच नसावी, हे मुंबई हायमध्ये रोजचं आहे. जुहूहून हेलिकॉप्टरने जाऊन चौदा चौदा दिवस समुद्रात काढणाऱ्या माणसांना हे कुणी समजावून सांगायला नको.

आता नव्याने पाहणं म्हणजे नेमकं काय, याकडे वळतो, कारण पुस्तकाचा मोठा भाग तोच आहे.

पहिलं काम कंटाळवाणं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले विहिरींचे लॉग, म्हणजे खोलीगणिक खडकाच्या मोजमापांच्या नोंदी, कागदाच्या लांब पट्ट्यांवर आहेत. वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांनी घेतलेले, वेगवेगळ्या खोलीच्या शून्यावरून मोजलेले. एका विहिरीचा पदर दुसऱ्या विहिरीशी जोडताना दोन मीटरची चूक असली तर दोन मीटर जाडीचा पदर नाहीसाच होतो. म्हणून आधी सगळ्या पट्ट्या एका मापाला आणायच्या. मग कोअर काढून लॉगशेजारी मांडायचे आणि बघायचं, लॉगवरचा हा खळगा म्हणजे भोकांचा दगड की मातीचा पदर. त्यानंतर जुन्या विहिरींत केसिंगच्या, म्हणजे विहिरीच्या लोखंडी अस्तराच्या, आडून न्यूट्रॉनच्या उपकरणाने तपासायचं की कुठल्या पदरात तेल अजून आहे आणि कुठे पाण्याने जागा घेतली. मग कुठे संगणक.

संगणकाबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. क्षेत्राचं प्रतिमान तयार करून ते पन्नास वर्षांच्या उत्पादनाशी जुळवून घेतात. जुळलं की सगळे खूश होतात. पण एकमेकांशी अजिबात न पटणारी पाच प्रतिमानं त्याच इतिहासाशी तितकीच छान जुळू शकतात आणि पुढच्या वीस वर्षांबद्दल पाच वेगळ्या गोष्टी सांगू शकतात. कुठलं निवडायचं हे संगणक सांगत नाही. दगड सांगतो, आणि दगड पेटीत असतो. कालगुर्लीत राज्याच्या भूवैज्ञानिक खात्याचं कोअर ग्रंथालय आहे. कंपन्यांनी काढलेले कोअर तिथे रांगांनी ठेवलेले आहेत आणि नव्या माणसाला ते टेबलावर मांडून पाहता येतात. खाणकंपन्यांचे शोध-अहवालही ठरावीक मुदतीनंतर खुले होतात. एकाने सोडलेल्या जमिनीवर दुसरा येतो तो पहिल्याच्या पैशाने काढलेला दगड पाहूनच. भारतात तेलाची माहिती एकत्र ठेवणारं राष्ट्रीय भांडार २०१७ मध्ये नोएडाला सुरू झालं. उशीर झाला, पण झालं. मुंबई हायसारख्या क्षेत्राचे कोअर विद्यापीठातल्या विद्यार्थ्यालाही विनासायास हाताळता आले तर पुनर्मूल्यांकनाचं निम्मं काम फुकटात होईल, हे मी ओएनजीसीच्या बाजूने म्हणतो आहे, विरोधात नाही.

इथवर कालगुर्ली आणि मुंबई हाय यांची जोडी छान जमते. यापुढे ती फुटते, आणि मला हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते नेमकं तिथे.

कालगुर्लीत चुकीच्या नकाशाची किंमत फक्त वेळेत मोजली जाते. १८९३ मध्ये न ओळखलेलं सोनं १८९६ मध्येही तिथेच होतं. १९७०च्या दशकाच्या मध्याला गोल्डन माइलच्या खाणी बंद करून लोक घरी गेले आणि काही वर्षांनी परत येऊन खणू लागले, तेव्हाही ते तिथेच होतं. सोनं जागेवर थांबतं. तेल थांबत नाही. १९७४ मध्ये जे तेल एल-३ मध्ये होतं ते आज तिथे, त्या अवस्थेत नाही. दाब उतरला, वायू सुटला, पाणी घुसलं. चुकीच्या पदरात भरलेलं पाणी परत काढता येत नाही. म्हणून जुन्या तेलक्षेत्राचा नव्याने अर्थ लावणाऱ्याला दोन कोडी एकाच वेळी सोडवावी लागतात: खडक मुळात कसा आहे, आणि पन्नास वर्षांत आपण त्याचं काय करून ठेवलं. खाणवाल्याला दुसऱ्या कोड्यासाठी बोगद्यांचा नकाशा पुरतो. तेलवाल्याला पाण्याचा नकाशा काढावा लागतो, आणि पाणी स्वतःचा नकाशा ठेवत नाही.

म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबई हायसाठी बीपी या ब्रिटिश कंपनीला दहा वर्षांकरता तांत्रिक साहाय्यक म्हणून निवडलं, त्या बातमीकडे मी थोडा हात राखून पाहतो. तेल आणि वायू मिळून उत्पादन ६० टक्क्यांपर्यंत वाढवता येईल असा अंदाज तेव्हा जाहीर झाला. कदाचित येईल. क्षेत्र आज दिवसाला सव्वा ते दीड लाख पिंपांच्या दरम्यान आहे आणि मुळातल्या तेलाचा मोठा हिस्सा अजून खडकातच आहे, यात वाद नाही. पण वर्तमानपत्रांनी तो आकडा असा छापला की जणू बाहेरून कुणीतरी तेल आणून ओतणार आहे. मिळालं तर ते घट्ट पदरांतून, पाण्याने वळसा घातलेल्या कोपऱ्यांतून, दोन विहिरींच्या मधल्या न पाहिलेल्या पट्ट्यांतून मिळणार आहे. थोडं थोडं, महागडं. आणि ते कुठे आहे हे सांगणारी बरीचशी माहिती आपल्याच लोकांनी आपल्याच कागदांवर आधी लिहून ठेवलेली आहे. परक्या डोळ्याचा उपयोग असतो, नाही असं नाही. कालगुर्लीतही १९३७चा नवा अर्थ लावणारे बाहेरचेच होते. फक्त परक्या डोळ्यानेही आधी जुन्या वह्या वाचायला हव्यात.

पुस्तकाची रचना सांगून थांबतो. पहिली तीन प्रकरणं कालगुर्लीची आहेत. घाई असलेल्या वाचकाने ती सोडली तरी चालेल, पण मग आठव्या प्रकरणात अडखळल्यास तक्रार नको. चार ते सात एल-३ वर आहेत आणि त्यात आकडे जास्त आहेत. हिशेब पिंपांत ठेवला आहे, एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर; ओएनजीसीचे अहवाल टनांत असतात, तिथे दोन्ही दिले आहेत. पन्ना-मुक्ता, हीरा, वसई ही शेजारची क्षेत्रं मुद्दाम बाजूला ठेवली, त्यांचा खडक आणि प्रश्न वेगळे आहेत.

आठवं प्रकरण तळखडकावर आहे. एल-३ च्या खूप खाली, सगळ्या गाळाच्या बुडाशी असलेल्या त्या जुन्या कठीण खडकातही मुंबई हायमध्ये तेल मिळालं आहे. तो दगड स्वतः घट्ट असतो, तेल असतं ते भेगांत. गाळाच्या खडकात वाढलेला तेलवाला अशा दगडाला बुजतो. कालगुर्लीत भेगांशिवाय दुसरं काही शिकवतच नाहीत. कुठली भेग कुठल्या काळातली, कुठली खनिजांनी बुजली, आजच्या ताणाखाली कुठली उघडी राहते, हे प्रश्न दोन्हीकडे अगदी तेच आहेत. मुंबई हायमधल्या जुन्या विहिरी बऱ्याचशा एल-३ साठी घेतलेल्या, आणि ज्या थोड्या त्याच्याही खाली गेल्या त्या तळखडकाला टेकून थांबलेल्या किंवा त्यात जेमतेम शिरलेल्या. त्यांपैकी ज्या कोरड्या म्हणून नोंदल्या गेल्या त्यांची यादी पुन्हा काढून बघावी असं त्या प्रकरणात सुचवलं आहे, कारण भेगा उभ्या असतील तर सरळ खाली जाणारी विहीर दोन भेगांच्या मधून एकीलाही न शिवता जाऊ शकते.